पाण्याखाली ईर्षा चालत नाही: पहिल्या ग्रुप स्कूबाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात आपल्या वाचकांचा एक ग्रुप कोल्हापूरहून मालवणला स्कूबाला, म्हणजे पाठीला हवेचा सिलिंडर बांधून समुद्राखाली फिरायला, जाऊन आला, बहुतेकांची पहिलीच वेळ, मी सोबत होते, आणि त्याचे चार फोटो अंकात काय छापले तेव्हापासून प्रश्न यायचे थांबेनात. रेट विचारणाऱ्यांना एकच सांगते, तो सीझन आणि गर्दी बघून बदलतो, तिथंच फोन लावा. बाकीच्या प्रश्नांतले काही इतके नेमके आहेत की बोटीत बसायच्या आधीच कुणी विचारले असते तर लई बरं झालं असतं.

प्रश्न: ताई, मी मंगळवार पेठेतला, तालमीत जातो, पंचगंगेत लहानपणापासून पोहतोय, दीड-दोन मिनिटं आरामात दम धरतो. तरी तिथला ट्रेनर म्हणतो मी तुला धरून फिरवणार. जरा कमीपणाचं वाटतं ओ. एकटा सुटा फिरलो तर चालंल का?

नाही चालणार भावा. आणि खरं सांगू का, बोटीवर मला जास्त काळजी तुझ्यासारख्यांचीच असते. पोहता न येणारा माणूस सांगितलेलं निमूट ऐकतो, विहिरीत सूर मारत वाढलेल्याला वाटतं पाणी म्हणजे आपलं घरचंच आहे.

आता नीट वाच. बुडी मारतोस तेव्हा वरची हवा छातीत भरून तू खाली जातोस, ती खाली दाबली जाते आणि वर येशील तशी परत होती तेवढी होते, त्यात काही बिघडत नाही. स्कूबात तू खाली गेल्यावर श्वास घेत असतोस, आणि रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरातली हवा देणारं तोंडात धरायचं यंत्र, तुला हवा देतो ती त्या खोलीच्या दाबाची. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर वरच्या दुप्पट. तिथं छाती भरून घेतलीस आणि सवयीनं दम धरून वर आलास की तीच हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते, आणि तेवढी जागा फुफ्फुसात नसते. त्याला फार खोलही जावं लागत नाही, भरल्या छातीनं दम धरून दीड मीटरवरून वर आलं तरी इजा होऊ शकते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम हाच की श्वास कधी धरायचा नाही, आत-बाहेर, आत-बाहेर, सावकाश, अगदी तोंडातला रेग्युलेटर निघाला तरी बारीक बुडबुडे सोडत राहायचं. तुझी इतक्या वर्षांची सवय नेमकी ह्याच्या उलटी आहे, ती मोडायला वेळ लागतो, म्हणून ट्रेनरचा हात.

दुसरं म्हणजे ताकद लावायची नाही. साधा सिलिंडर ११-१२ लिटरचा, २०० बारपर्यंत, म्हणजे वरच्या हवेच्या साधारण दोनशेपट दाबानं भरलेला, म्हणजे हिशेबानं बावीसशे-चोवीसशे लिटर हवा झाली. शांत माणूस वर मिनिटाला १५-२० लिटर ओढतो, १० मीटरवर त्याच्या दुप्पट, आणि हातपाय झाडले की त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळं गडी जेवढा धडपड्या तेवढा तो लवकर वर. (आणि त्याला ऑक्सिजनची टाकी म्हणणं सोडा आता सगळ्यांनी, आत आपली नेहमीचीच हवा असते, गाळून आणि दाबून भरलेली.) हात छातीशी घेऊन ठेव, पाय मांडीपासून हळू हलव, आणि त्या ट्रेनर पोराला त्याचं काम करू दे.

प्रश्न: खाली जाताना कान असा ठणकला की मी वर पळालो. नंतर दोन दिवस कानाला दडे बसले होते. परत जावं का? (ताराबाई पार्क)

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, पडद्याला काही झालेलं नाही हे कळल्याशिवाय परत नको.

लोकांना वाटतं आपण काय पंधरा-वीस फूटच जाणार, त्यात कानाला काय होतंय. पण दाब एकदम दुप्पट होतो तो पहिल्या १० मीटरमध्येच, त्यामुळं कानाचा त्रास वरच्या पाण्यातच जास्त. उपाय सोपा आहे, मास्कवरून नाक चिमटीत धरायचं, तोंड बंद, आणि नाकातून हलकं फुंकायचं, कानात फट्ट होतं. हे दुखायच्या आधी करायचं. पाण्याच्या वर असतानाच एकदा, आणि मग अर्ध्या-एक मीटरला एकदा, करतच राहायचं. दुखायला लागल्यावर फुंकलं तर आतली नळी आधीच दाबून बंद झालेली असते, मग तुम्ही जोर लावता आणि तिथंच घोळ होतो. कान मोकळा होत नसेल तर ट्रेनरला कानाकडं बोट दाखवायचं, हाताचा पंजा आडवा हलवायचा म्हणजे काहीतरी गडबड आहे, मग तो तुम्हाला थोडं वर घेतो, परत प्रयत्न. दोन-तीनदा करूनही नाही झालं तर त्या दिवशी डाइव्ह बंद, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही.

प्रॅक्टिस करायची असेल तर जातानाच करा. फोंडा घाट उतरताना गाडीत कान दडपतात ना, तिथं नाक धरून हलकं फुंकून बघा, एका बाजूचा कान मोकळा व्हायला वेळ लावतोय का ते तिथंच कळतं. फक्त गाडी चालवणाऱ्यानं हे करू नये.

सर्दी असली तर जायचं नाही. आमच्या ग्रुपात सर्दी लपवून आलेले होते, पैसे भरलेत म्हणून. काहीजण नाकात थेंब घालून जातात, ते तर अजून वाईट, कारण खाली असताना औषधाचा जोर उतरला तर वर येताना हवा आत अडकते आणि मग ना वर येता येतं ना खाली राहता येतं अशी गत होते.

प्रश्न: राजारामपुरीतला आमचा भिशीचा ग्रुप आहे, पंचेचाळीस ते साठ वयाच्या बायका. पोहायला एकीलाही येत नाही. दोघींना बीपीची गोळी चालू, एकीला दमा. जायचं लई मनात आहे पण घरचे हसतात. आणि कपड्यांचं काय करायचं हो ताई?

हसू दे त्यांना काकू. ट्राय डाइव्हला, म्हणजे ट्रेनर धरून नेतो त्या डाइव्हला, पोहता यायची अट नसते. पाडी ह्या स्कूबा शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमात वय कमीत कमी १० आहे, वर मर्यादा नाही, आणि खोली जास्तीत जास्त १२ मीटर, मालवणात त्याहून कमीच नेतात.

पण तब्येतीचा फॉर्म खरा भरायचा. हृदय, फिट, दमा, कानाचं ऑपरेशन, बीपी, शुगर, सगळं त्यात असतं, आणि पंचेचाळीसच्या वरच्यांना सिगारेट, कोलेस्टेरॉल वगैरेही विचारतात. एका जरी प्रश्नाला हो आलं तरी डॉक्टरांचं लेखी पत्र लागतं, ते इथनंच, कोल्हापुरातनं घेऊन जायचं, तिथं जेट्टीवर उभं राहून नाही. 'सगळ्याला नाही-नाही टिक करा, वेळ जातोय' असं कुणी म्हणालं तर तिथंच परत फिरा, तो माणूस बाकीच्या गोष्टींतही तसाच असणार. बीपी ताब्यात असेल तर डॉक्टर बहुतेक वेळा हो म्हणतात. दम्याच्या मैत्रिणीला मात्र मी आग्रह करणार नाही, आकसलेल्या श्वासनळीमागं हवा अडकली तर वर येताना तीच फुगते, वर पहिल्या उत्तरात सांगितलं तसं. डॉक्टरांनी तपासून लेखी हो म्हटलं तरच, नाहीतर त्यांनी किल्ला बघावा, सिंधुदुर्ग काही कमी बघण्यासारखा नाही. गरोदर असेल तर डाइव्ह अजिबात नाही. पाळी असली तर काही अडत नाही.

कपडे, आत लेगिंग आणि अंगाला बसणारा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, त्यावर ते वेटसूट देतात. तो घट्टच असतो, घालताना दोघींनी एकीला ओढावं लागतं आणि हसून पुरेवाट होते, त्यातच निम्मी भीती जाते. ओढणी नको, पंजाबी ड्रेसचा घोळदार टॉप नको. अंबाडा घालू नका, मास्कचा पट्टा बसत नाही, खाली घट्ट वेणी घाला आणि कपाळावर केस येऊ देऊ नका, एक बट जरी मास्कखाली आली तरी पाणी शिरतं. पाटल्या, मंगळसूत्र, कानातलं खोलीवरच कुलपात ठेवा. कपडे बदलायला नीट खोली आहे का हे बुकिंग करतानाच विचारा, बऱ्याच ठिकाणी नुसता आडोसा असतो.

प्रश्न: मिशी काढावी लागते का?

नाही ओ. नाकाखालची एक बारीक पट्टी कात्रीनं कापा, मास्कची कड कातडीवर बसली पाहिजे एवढंच. तरी थोडं पाणी येतंच, तेव्हा मास्कची वरची कड कपाळाला दाबून नाकातनं श्वास सोडायचा, पाणी खालनं निघून जातं. कोल्हापूरकरांच्या मिशीमुळं बोटीवर ह्या धड्याला भरपूर वेळ जातो.

प्रश्न: आमच्या ऑफिसच्या ग्रुपात सगळे खाली गेले, मी एकटीच पाण्यात उतरून परत वर आले. अजून व्हॉट्सॲपवर चिडवतात. परत नेणार म्हणतायत, काय करू? (कसबा बावडा)

तुमचं काहीही चुकलेलं नाही हे आधी. डाइव्ह कुणीही, कधीही, काहीही कारण न देता थांबवू शकतो हा जगभरातला नियम आहे, शिकलेले डायव्हरसुद्धा तो पाळतात. चिडवणाऱ्यांना हा अंक फॉरवर्ड करा.

ह्या विषयात मला ग्रुपवाल्यांशीच बोलायचंय. आपल्याकडं ईर्षा लई, कुस्तीत ती कामाला येते, फुटबॉलच्या मॅचला पेठापेठांत तर त्याशिवाय मजाच नाही, पण बोटीवर 'तो गेला, तू का नाही' सुरू झालं की माणूस कान दुखत असताना खाली जातो, दमा लपवतो, घाबरलेला असताना मान हलवतो. एकटा आला असता तर त्यानं हे केलं नसतं. ट्रेनरला त्याचा खरा चेहरा दिसत नाही कारण मित्रांसमोर तो हसत असतो.

म्हणून ग्रुप नेणाऱ्यानं काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. जो उतरणार नाही त्याचे पैसे परत मिळतात का हे बुकिंगलाच विचारायचं, कारण निम्मे लोक पैसे वाया जातील म्हणून हो म्हणतात. मोठा ग्रुप असेल तर एका बोटीत कोंबायचा नाही, मालवणात साधारण एका ट्रेनरबरोबर एकजण जातो त्यामुळं बाकीच्यांना डुलत्या बोटीत उन्हात तासभर बसावं लागतं, तेवढ्यात निम्म्यांना मळमळायला लागतं आणि भीती तर बसून बसून वाढतेच. दोन बॅच करा. सगळ्यात घाबरलेल्याला पहिलाही पाठवू नका आणि शेवटचाही ठेवू नका, दुसरा किंवा तिसरा, म्हणजे कुणीतरी हसत वर आलेलं त्यानं बघितलेलं असतं. आणि एक शहाणा माणूस, न उतरणारा, वर राहू दे, कोण गेलं कोण आलं मोजायला.

तुम्हाला परत जायचं असेल तर आधी तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा ट्रेनिंग सेंटर आहे, तिथं पोहायचा तलाव आहे, तलावातच सुरुवात करता येईल का ते विचारा. उभं राहता येईल एवढ्या पाण्यात रेग्युलेटरची सवय झाली की बोटीवरची धडधड बरीच कमी होते. आमच्या बोटीवरचा खलाशी प्रत्येकाला 'घाबरतास कित्याक?' म्हणायचा, त्याच्या बोलण्यात प्रेमच होतं, पण घाबरलेल्या माणसाला हा प्रश्न विचारून उपयोग नसतो, त्याला आणखी पाच मिनिटं मास्क लावून नुसतं पाण्यात तोंड घालून बसू द्यायचं.

प्रश्न: सकाळी मिसळ खाऊन गेलं तर चालतं का?

चालत नाही. तेल आणि तिखट बोटीत वर येतं, शब्दशः. दोन तास आधी इडली, केळं, पोहे, थोडंसं. उपाशी पण जाऊ नका, त्यानंही मळमळतं. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, पण ती एकदा घरी घेऊन बघा, काहींना त्यानं इतकी झोप येते की पाण्यात जाणं बरोबर नाही. आदल्या रात्रीची 'बसायची' पार्टी डाइव्ह झाल्यावर दुसऱ्या रात्री करा.

प्रश्न: व्हिडिओसाठी मी अंगठा दाखवला तर ट्रेनर मला सरळ वरच घेऊन आला! पैसे वाया. हे काय?

त्यानं बरोबर केलं. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला'. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करायचा. बोटीवर हे सांगतात, पण तेव्हा सगळे सेल्फीत असतात.

व्हिडिओचा विषय निघालाच आहे तर अजून एक. मासे कॅमेऱ्याजवळ यावेत म्हणून पाव सोडतात, ते करू देऊ नका, आणि 'एक फोटो' म्हणत प्रवाळाला हात लावू नका, गुडघे टेकू नका. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्यातच येतो. दाजीपूरला गव्याला आपण पाव चारतो का?

प्रश्न: आम्ही सकाळी डाइव्ह, दुपारी सुरमईचं ताट आणि संध्याकाळी घाट चढून रात्री घरी असा प्लॅन केलाय. विमानात लगेच बसू नये असं वाचलं, पण गाडीला काय होतंय?

ह्या वेळचा सगळ्यात हुशार प्रश्न हा. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो, वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे निघून जातो. तो निघायच्या आधीच तुम्ही उंचावर, म्हणजे कमी दाबात गेलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात, सांधे दुखण्यापासून ते बधिरपणापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून विमानाला एका डाइव्हनंतर कमीत कमी १२ तास आणि जास्त डाइव्ह किंवा बरेच दिवस डाइव्ह केल्या असतील तर १८ तास थांबा असा सल्ला आहे. आता गंमत अशी की हा सल्ला साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला धरून दिलेला आहे, आणि शरीराला ती उंची विमानानं आली का बोलेरोनं आली ह्याच्याशी काही देणंघेणं नसतं. कोल्हापूरच साडेपाचशे मीटरच्या आसपास, आंबोलीनं आलात तर घाटमाथा ६९० मीटर. गोव्याच्या किंवा मुंबईच्या माणसाला हा प्रश्नच पडत नाही, आपल्याला पडलाच पाहिजे.

पाच-सात मीटरवर दहा-पंधरा मिनिटं एवढीच ट्राय डाइव्ह असेल तर नायट्रोजन फारच थोडा जातो, लोक संध्याकाळी घाट चढून येतात आणि काही होत नाही. तरी मी मुक्कामच सांगेन, पाणी भरपूर प्या आणि सकाळी निघा, रात्री दमलेल्या ड्रायव्हरनं घाट चढवणं तसंही धोक्याचंच. पण ग्रुपात कुणी कोर्स करत असेल, दिवसाला दोन-तीन डाइव्ह, १५-१८ मीटर खोल, तर त्याला त्याच दिवशी घाट चढायला लावायचाच नाही. रंकाळ्यावर पोचल्यावर ज्याचा खांदा, कोपर दुखायला लागतं किंवा हातपाय मुंग्या आल्यासारखे होतात त्यानं 'ट्रॉलीबॅग उचलली असेल' म्हणून बाम लावत बसू नये, दवाखान्यात जाऊन मी काल समुद्रात डाइव्ह केलीय हे वाक्य आधी सांगावं.

प्रश्न: यूट्यूबवर निळंशार पाणी असतं, आम्हाला ऑक्टोबरात हिरवट आणि गढूळ दिसलं. फसवलं का? आणि ह्याच्या पुढं जायचं तर कुठं? (गारगोटी)

फसवलं नाही, तुम्ही ऑक्टोबरात गेलात. पावसाळ्याचा गाळ गड नदी, कर्ली नदी अजून समुद्रात आणत असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळची पहिली बॅच, तेव्हा पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ आणि शांत. तरी मालवण म्हणजे अंदमान नव्हे, चार-पाच मीटरवरचं नीट दिसलं तरी चांगला दिवस म्हणायचा. मे अखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत सगळं बंदच असतं, त्या काळात कुणी नेतो म्हणाला तर जाऊ नका.

पुढचं ठिकाण म्हणून आपल्याला बेळगाव-हुबळी मार्गे मुर्डेश्वर जवळ पडतं, तिथनं बोटीनं नेत्राणी बेटाला नेतात, किनाऱ्यापासून बरंच आत असल्यानं पाणी मालवणपेक्षा स्वच्छ मिळतं. अंदमानला स्वराज द्वीप, पण येताना विमानाचे ते १८ तास धरून तिकीट काढा. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक म्हणून मोठं प्रवाळाचं पठार आहे, त्याचाच वरचा माथा २० मीटर खाली, ते आत्ता डोक्यातनं काढा.

खरं तर परत परत ट्राय डाइव्हला पैसे घालण्यापेक्षा ओपन वॉटर कोर्स करा. तीन-चार दिवस लागतात, समुद्रात चार डाइव्ह असतात, आणि नंतर जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं. त्याला मात्र पोहायला यावं लागतं, न थांबता २०० मीटर, वेळेचं बंधन नाही, आणि १० मिनिटं नुसतं तरंगणं. गारगोटीला विहीर असेल तर तिथं, नाहीतर कोल्हापुरात पोहायच्या टाकीवर बॅच लावा. तरंगण्याकडं जास्त लक्ष द्या, २०० मीटर बहुतेकांना जमतात, ती १० मिनिटं हातपाय न झाडता काढताना लोक वैतागतात.